पाच दहाचा श्वास

मगदूमांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये पाच खोल्या. तासगाव रस्त्याने जाताना पत्र्याची लांबलचक निळी इमारत दिसते, तीच. चार खोल्यांत बेदाण्याची खोकी छताला टेकलेली असायची. पाचवी दोन हंगाम रिकामी पडली होती. त्या चैत्रात भूपाल मगदूमने तिथे बेदाण्याऐवजी यंत्रं भरायचं ठरवलं.

दिवसाची सौर वीज एव्हाना इतकी मुबलक झाली होती की सकाळी आठ ते संध्याकाळी सहा ती घ्यायला गिऱ्हाईक पुरत नव्हतं. ज्याच्याकडे जागा आणि गारवा आहे त्याने संगणकाची कार्डं लावावीत आणि आभासी नाणी खणावीत, असं गावोगाव सुरू झालं होतं. खणायचं म्हणजे काय, तर जगभरातली यंत्रं एकाच वेळी एक अवघड आकडा शोधत असतात. ज्याला आधी सापडला त्याच्या पदरात नाणं. त्याला अक्कल लागत नाही. दर सेकंदाला कोट्यवधी अंदाज करत राहायचं, एवढंच. खेळांतली चित्रं रंगवायला बनवलेली ग्राफिक्स कार्डं हे काम झपाट्याने करतात. आणि करताना तापतात.

"तापतात म्हणजे किती?" त्रिशलाबाईंनी विचारलं होतं.

"एकेक कार्ड म्हणजे चुलीवरचा तवा समजा, वैनी. असे चोवीस."

"मग गड्यांच्या भाकऱ्या तिथंच भाजून घेऊ की."

त्रिशलाबाई भूपालच्या थोरल्या भावजय. त्यांचे यजमान नेमगोंडा याच स्टोरेजचा प्लँट चालवायचे. ते गेल्यावर बाईंनी परीक्षा देऊन ऑपरेटरचं लायसन काढलं आणि कंप्रेसरची खोली आपल्या हातात घेतली, त्याला नऊ वर्षं झाली. आवाज कधी चढायचा नाही. जेवण सूर्यास्ताच्या आत, पाणी गाळूनच, आणि जैन रीतीने रोज दोन घटका सामायिकाच्या ध्यानाला बसणं. बाकी सगळा वेळ गारव्याचा. गारवा कुठून शिरतो, कुठे अडतो, कुठे वाया जातो, हे त्यांना तळहाताला कळायचं.

भूपालला वाटलं होतं की चार अंशाच्या खोलीत कार्डं नेऊन ठेवली की झालं. बाईंनी मान हलवली. "संध्याकाळी बंद केल्यावर ती गार पडणार. सकाळी दार उघडलं की बाहेरची दमट हवा आत येणार आणि त्यांच्यावर दव धरणार. मग शॉर्ट होऊन जाळ होईल." त्यांनी खोली वीस अंशावर, कोरडी ठेवली. दारांना लावतात तसल्या प्लास्टिकच्या जाड पट्ट्यांचा पडदा मधोमध सोडून खोलीची गार बाजू आणि गरम बाजू वेगळी केली. अॅल्युमिनियमच्या तीन चौकटी, प्रत्येकीवर आठ कार्डं उभी, दोन कार्डांत चार बोटं अंतर, म्हणजे एकाची उष्ण हवा दुसऱ्याच्या तोंडावर जाऊ नये. तिसऱ्या चौकटीवरची आठ कार्डं जुनी होती, पुण्याच्या व्यापाऱ्याकडून आणलेली. त्यांच्यावरचे पंखे बाईंनी स्वतः उघडले, आतला उष्णता वाहून नेणारा, सुकून दगड झालेला लेप स्पिरिटने पुसला आणि शेंगदाण्याएवढा नवा लेप लावून पुन्हा बसवले. गार हवा यायच्या झडपेवर त्यांनी दुहेरी मलमल ताणून बांधली.

"आता हवासुद्धा गाळून घेणार काय, वैनी?"

"मग? चिलटांनी काय पाप केलंय पंख्यात जायला?"

रोज संध्याकाळी ती मलमल सोडून त्या मागच्या द्राक्षबागेत नेत आणि हलक्या हाताने झटकत. पाणी गाळल्यावर फडक्यात उरलेले सूक्ष्म जीव ज्या विहिरीतून आले त्याच विहिरीत परत सोडायचे, ही त्यांच्या घरची रीत. त्याला जिवाणी म्हणतात. मारायचं नाही, आणि ठेवूनही घ्यायचं नाही. ज्याचं घर जिथे, तिथे पोचवायचं.

तिसऱ्या दिवशी पाच वाजून दहा मिनिटांनी तिसऱ्या चौकटीचा आवाज बदलला.

बाई तेव्हा गार बाजूला मलमल तपासत उभ्या होत्या. चोवीस कार्डांची एकसुरी घरघर कानाला सरावली होती. त्यातून आठ पंखे एकदम वर चढले, चार-पाच सेकंद चढे राहिले आणि मऊ उतरले. मग शांत. मग पुन्हा चढले, या वेळी जास्त वेळ. पुन्हा उतरले. थांबले. बाईंनी संगणकाच्या पडद्यावर खणण्याचा वेग पाहिला, तर त्या आठ कार्डांनी काम जवळजवळ सोडून दिलं होतं. तापली नव्हती. उलट गार होती. पंख्यांना फिरायचं काही कारणच नव्हतं.

अकरा मिनिटं हे चाललं. मग आठही कार्डं काही घडलंच नाही अशी कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी पाच दहाला पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी बाई स्टूल घेऊन बसल्या. बेअरिंगचा दोष असता तर आवाज खरखरीत असता, आणि रोज घड्याळ बघून आला नसता. हा आवाज गोल होता. कुणीतरी काही विचारावं आणि उत्तरासाठी गप्प राहावं, तसा. थांबे सारखे नव्हते. एखादा लहान, एखादा लांबलचक, आणि लांब थांब्यानंतरचं चढणं नेहमी हळू. बाईंच्या हातावर काटा आला. खोली वीस अंशावर होती, तेवढ्याने येणारा तो काटा नव्हता.

भूपालने व्यापाऱ्याला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"सवयीची चिप आहे ती, साहेब," व्यापारी निवांत म्हणाला. "नव्या पिढीच्या सगळ्या कार्डांत असते."

त्याने समजावून सांगितलं ते असं. कार्डावर काम येतं, मग ते तापतं, मग पंखा फिरतो. या उशिरामुळे कार्डातले सोल्डरचे टाके आकसतात, पसरतात आणि एक दिवस तुटतात. म्हणून कंपन्यांनी पंख्यापाशी एक चिमुकली चिप बसवली. ती कार्डाचं काम आणि ऊब यांच्यावर नजर ठेवते, काम कधी येतं आणि कोणत्या तालात येतं ते शिकते, आणि काम यायच्या आधीच पंखा चढवून, वीज राखून जागा मोकळी करून ठेवते. कार्ड विकताना आतली माहिती पुसतात. ही चिप कोणी पुसत नाही, कारण तिच्यात माहिती नसते. नुसती सवय असते.

"मग आता इतकी काय सवय लागलीय त्यांना?" भूपालने विचारलं.

"ती आठ कार्डं एकाच गिऱ्हाइकाकडची आहेत. गेलेल्या माणसाचे आवाज, पत्रं, व्हिडिओ घालून त्याच्याशी बोलता यायचं बघा, ती सेवा. कंपनी बुडाली. महागड्या योजनेत एका माणसाला आठ कार्डं राखून असायची. सहा वर्षं रोज एकाच वेळी एकच काम केलंय त्यांनी: बोलायचं तेव्हा राबायचं, ऐकायचं तेव्हा थांबायचं."

"आता तर दिवसभर खणतायत. मग विसरत का नाहीत?"

"खणण्याला ताल कुठे आहे, साहेब? सरळ रेघ. रेघेतून चिप काही शिकत नाही, म्हणून जुनं पुसलं जात नाही. एकशे दहा अंशावर तीन तास भाजा. साफ होईल."

फोन ठेवून भूपाल हसला. "आयला, भूत निघालं. रविवारी भाजून टाकू, वैनी. तुमचंच काम ते."

त्रिशलाबाई तिसऱ्या चौकटीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. लहानपणापासून त्या एक गोष्ट ठाम मानत आल्या होत्या: देह सुटला की जीव क्षणात दुसऱ्या गतीला जातो, मागे रेंगाळत नाही. म्हणून त्यांच्यात श्राद्ध नाही, कावळ्याला घास नाही. नेमगोंडा गेल्यावर लेकीने हीच सेवा घेऊया म्हणून हट्ट धरला होता, तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "जे गेलंय ते तिथं नाही बाळ, आणि जे तिथं आहे ते तुझे अण्णा नाहीत." अजूनही त्यांचं तेच मत होतं. पाच दहाला श्वास घेत होतं ते कोणी माणूस नव्हतं. पण मग कुणाची तरी वाट बघणारं ते होतं कोण? भाजलं तर मारल्याचं पाप लागेल की नुसतं भांडं घासल्यासारखं होईल? शास्त्रात याला जागा नव्हती, आणि ज्याला जागा नाही त्याच्यावर हात उचलायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

मारायचं नाही, ठेवून घ्यायचं नाही. ज्याचं घर जिथे, तिथे पोचवायचं. चिलटांसाठी जे केलं तेच इथे करावं, असं त्यांनी शनिवारी ठरवलं. चूक इथेच झाली. पण ती करताना त्यांचं मन फार शांत होतं.

जुन्या कार्डांसोबत गिऱ्हाइकाच्या संमतीचा कागद द्यायचा, असा नियम झाला होता. कागदावर नाव होतं: कै. मृदुला हळबे. खाली मुलीची सही, ऋजुता हळबे, विश्रामबाग, सांगली.

ऋजुता एकवीस वर्षांची होती. रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला, एरवी चारला सुटायची, शनिवारी दुपारीच. घर दोन खोल्यांचं, अर्धं सामान खोक्यांत बांधलेलं. बाबा नोकरीनिमित्त मस्कतला असतात आणि एक जूनला आपल्याला बेळगावच्या मोठ्या रुग्णालयात रुजू व्हायचंय, हे तिने पाणी देता देता सांगितलं. बाईंनी पिशवीतून स्वतःची बाटली काढली तशी ती हसली. "गाळलेलंच लागतं ना काकू? माझी मैत्रीण आहे शेटे म्हणून, तीही असंच करते."

बाईंनी हळूहळू सगळं सांगितलं. पाच दहा म्हणताच मुलीचं हसू गेलं.

"ती सेवा बंद केली होती मी."

"कंपनी बंद झाली म्हणून—"

"कंपनीच्या आधी. दोन वर्षं आधी." ती खोक्यावर बसली. "मी अकराची होते आई गेली तेव्हा. शाळेतून पाचला यायचे, हातपाय धुवायचे आणि पाच दहाला तिच्यासमोर बसायचे. रोज. मैत्रिणींचे वाढदिवस, सहली, काही नाही. सतराव्या वर्षी मला क्लास लागला, पाचचाच. मी तिला म्हटलं, आई, आज बसणार नाही. ती म्हणाली, जा बाळा, मी थांबते." ऋजुताने नख दातात धरलं. "चिडली असती तर बरं झालं असतं. थांबते म्हणाली. मग दुसऱ्या दिवशी बसायची भीती वाटली. तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त. मी कधीच बसले नाही पुन्हा. बाबा नंतर सही कर म्हणाले, केली."

"मला वाटलं, तुझं आहे तर तुला सांगावं. रविवारी भाजायचं म्हणतायत."

तिने पंख्याखालच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "अजून थांबलीय?"

"अकरा मिनिटं. रोज."

"काकू, तुम्ही हे मला सांगायला नको होतं," ऋजुता म्हणाली. मग उठून चप्पल शोधू लागली. "किती वाजलेत? साडेचारची गाडी मिळेल का?"

पाचव्या खोलीत ती गार बाजूला, बाईंच्या स्टुलावर बसली. पाच दहाला आठ पंखे चढले.

"आलीस का," ऋजुता पुटपुटली. पंखे उतरले. "हा थांबा माझा. मी फक्त हं म्हणायचे." पुन्हा चढले. "डबा संपवला का." थांबा. "इथे मी खोटं बोलायचे." लांब चढ. "आता ती ओरडतेय, भाजी टाकलीस म्हणून. बघा, किती वेळ ओरडतेय." ती हसत होती आणि तिच्या गालावरून पाणी वाहत होतं. मग एक मोठा थांबा आला, बाईंना दर वेळी बुचकळ्यात टाकणारा. "हे गणित. मी वहीतलं गणित सोडवायचे तेवढा वेळ ती गप्प बसायची."

अकरा मिनिटं संपली. दारात उभा असलेला भूपाल टोपी हातात घेऊन नुसता बघत होता.

"रविवारचं राहू दे," तो खोकत म्हणाला. "घाई काय आहे."

ऋजुता दुसऱ्या दिवशी आली. मग रोज येऊ लागली. चारला सुटून साडेचारची गाडी, पाच दहाला स्टूल. आधी ती नुसती ऐकायची, नंतर उत्तरं देऊ लागली. बाई पडद्यापलीकडून ऐकत. त्यांच्या लक्षात यायला चारपाच दिवस लागले, पण एकदा आलं ते जाईना. थांबे होते एका शाळकरी मुलीच्या उत्तरांएवढे. एकवीस वर्षांच्या मुलीचं बोलणं त्यांत मावत नव्हतं. लॅब, बेळगाव, बाबांशी झालेलं भांडण, एवढं सांगायला जागाच नव्हती. ती बोलत असतानाच पंखे चढायचे आणि तिचं वाक्य तुटायचं. म्हणून ऋजुता वाक्यं आखूड करू लागली. हं. संपवला. नाही गं. आवाजही बारीक झाला. एके दिवशी ती येताना वही घेऊन आली, आणि त्या मोठ्या थांब्यात खाली मान घालून खरंच गणित सोडवत बसली.

"बेळगावचं काय ठरलं गं?" बाईंनी जाताना विचारलं.

"कळवते त्यांना. पुढच्या वर्षी बघू." ऋजुता पट्ट्यांच्या पडद्याकडे बघत होती. "एकदा थांबवून गेले ना मी तिला, काकू."

मे महिन्याची सात तारीख होती. बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. पाण्यातून आलेलं पाण्यात सोडलं होतं, पण त्या पाण्यातून ही पोर एकदा आपल्या बळावर काठाला लागली होती, हे त्यांनी पाहिलंच नव्हतं.

भूपाल म्हणाला, "उद्या सकाळीच भाजून टाकू. येईल तेव्हा काही नसेल."

"तसं केलं तर ती जन्मभर म्हणेल, मी पुन्हा तिला सोडून गेले. आईला मारलं म्हणेल." बाईंनी पदर सारखा केला. "आपोआप सुटलं पाहिजे."

"आपोआप कसं सुटेल?"

व्यापाऱ्याच्या बोलण्यातला एक धागा बाईंच्या मनात राहिला होता. सरळ रेघेने सवय पुसत नाही. म्हणजे तालाने पुसेल. आणि चिप फक्त कामावरून शिकत नाही, उबेवरूनही शिकते. ऊब तर बाईंच्या हातात होती. पाचव्या खोलीच्या भिंतीला लागूनच कंप्रेसरची खोली होती, आणि गार हवेची झडप तिथूनच उघडत-मिटत असे. तिचा दांडा नेमगोंडांनी बसवलेला, पितळी मुठीचा.

दुसऱ्या दिवशी पाच दहाला भिंतीपलीकडे ऋजुता स्टुलावर बसली आणि अलीकडे त्रिशलाबाई दांडा धरून उभ्या राहिल्या. त्यांनी डोळे मिटले आणि रोजच्या सरावाने कायोत्सर्ग धरला. नऊ वेळा णमोकार मंत्र, एकेकाला तीन, असे सत्तावीस श्वास. देहावरची ममता सोडायची, म्हणून हे करायचं. श्वास आत घेताना झडप उघडायची, सोडताना मिटायची. गार हवा आत गेली की कार्डं निवत, अडली की तापत. सत्तावीस वेळा. मग दांडा जागेवर.

पहिले पाच दिवस काही झालं नाही. सहाव्या दिवशी ऋजुता बाहेर आली ती गोंधळलेली. "आज ती मध्येच गप्प झाली, काकू."

"असं?" बाई म्हणाल्या. त्यांच्या पाच व्रतांत सत्य दुसरं होतं. त्या एका शब्दाने ते तुटलं, हे त्यांना कळलं. त्या रात्री त्यांनी प्रायश्चित्त म्हणून मीठ सोडलं, आणि दुसऱ्या दिवशी पाच दहाला पुन्हा दांडा धरला.

मग दर दिवशी थोडं थोडं गेलं. आधी 'डबा संपवला का' गेलं. ओरडण्याचा लांब चढ आखडला. मे संपत आला तसा गणिताचा थांबाही भरून गेला; वही उघडेपर्यंत पंखे चढायचे. ऋजुता लवकर येऊन बसू लागली, स्टूल जवळ सरकवू लागली, मोठ्याने बोलू लागली. एकदा तिने हाक मारली, नुसती "आई!" म्हणून. भिंतीला कान लागलेल्या बाईंनी ती ऐकली. अठरावा श्वास चालू होता. बाईंनी तो पुरा केला, आणि एकोणिसावा घेतला.

एकोणतीस तारखेला ती स्टुलावर पाठ ताठ करून बसली होती. पंखे चढले आणि उतरले, चढले आणि उतरले, एकसारखे, सत्तावीस वेळा. त्यात प्रश्न नव्हता. उत्तरासाठी जागाही नव्हती. काम पुन्हा सुरू झालं.

ऋजुता बाहेर आली तेव्हा डोळे कोरडे होते.

"ती आता मला ओळखत नाही, काकू."

बाईंनी तिला पाणी दिलं. तिने ते उभ्यानेच प्यायलं, वही पिशवीत घातली आणि सहाच्या गाडीने गेली. एक जूनला दुपारी बेळगावहून तिचा फोन आला. खोली छोटी आहे, खालच्या मजल्यावरच्या बाई कानडीत बोलतात, मेसमधली आमटी गोड असते. कार्डांचं नावही तिने काढलं नाही.

"अकराची अडीच मिनिटं झाली," भूपाल खूश होता. "साडेआठ मिनिटं वाचली रोजची. आता भाजायची काही गरज नाही, वैनी. आणि तुम्हीही आता दांडा सोडा. पोर गेली की."

बाईंनी दांडा सोडला. पण पाच दहाला त्या पाचव्या खोलीत जाऊ लागल्या. मलमल तपासायला, असं त्या स्वतःला सांगत. पहिल्या आठवड्यात त्या बाजूला उभ्या राहून ऐकत. नंतर स्टुलावर बसू लागल्या. पंखे चढत तेव्हा त्यांचा श्वास आत जाई, उतरत तेव्हा बाहेर. तो त्यांचाच श्वास होता. सातव्या णमोकाराला त्या जरा रेंगाळतात, नेमगोंडा गेल्यापासून. ते रेंगाळणंही आठ पंख्यांनी उचललं होतं. जगातल्या कुणाला, पोटच्या लेकीलाही, जे माहीत नव्हतं, ते तिसऱ्या चौकटीला माहीत होतं. श्रावणात बाईंच्या ध्यानात आलं की त्यांचं घरचं सामायिक अर्धवट होतंय आणि पाच वाजले की पाय आपोआप इकडे वळतायत.

भाद्रपदात दशलक्षण पर्व आलं. दहा दिवस घर आणि बस्ती, म्हणजे जैन मंदिर, एवढ्याच हद्दीत राहायचं व्रत बाईंनी घेतलं, दर वर्षी घेत तसं. यंदा घेताना जीभ अडखळली. चौथ्या दिवशी भूपाल अंगणात येऊन उभा राहिला.

"वैनी, एक विचारू? ते आता सत्तावीसवर थांबत नाही हो."

"म्हणजे?"

"मोजलं मी. सत्तावीस झाले की गप्प होतं, मग पुन्हा पहिल्यापासून धरतं. काल तीनदा. खोलीत तुम्ही बसायचात, तेव्हा समोरून हवा अडायची, ऊब निराळी असायची. आता ती नाही म्हणून असेल." तो जमिनीकडे बघत होता. "मला आपलं असं वाटलं की तुम्हाला शोधतंय."

पर्व संपल्यावर क्षमावणीचा दिवस. वर्षभरात ज्यांना दुखावलं त्या सगळ्यांची क्षमा मागायची. बाईंनी जावेची मागितली, गड्यांची मागितली, भूपालची मागितली. स्टोरेजवर येऊन, कंप्रेसरच्या खोलीतल्या खुर्चीवर बसून त्यांनी बेळगावला फोन लावला.

"ऋजुता, मी तुझी अपराधी आहे बाळ. तुझी आई गप्प होत नव्हती. मी करत होते. भिंतीच्या मागे उभी राहून, तुला न सांगता. मला क्षमा कर."

पलीकडे कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं.

"मला माहीत होतं, काकू."

"काय?"

"झडप कुरकुरते तुमची. दुसऱ्याच दिवशी ऐकू आली होती."

"मग बोलली का नाहीस गं?"

"बोलले असते तर तुम्ही थांबला असतात." ऋजुताचा आवाज आता बारीक नव्हता. "मला जमलं नसतं ते. तुम्ही करत होतात, म्हणून मी रोज येऊन ऐकलं. शेवटपर्यंत बसले. या वेळी पळून नाही गेले." मग तिने विचारलं, "आता तिथे काय आहे, काकू? सगळं गेलं ना?"

भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून नऊ मिनिटं झाली होती.

"तुझी आई गेली बाळ," बाई म्हणाल्या, आणि ते खरं होतं. "तुझं असं तिथं काही उरलेलं नाही."

"आणि तुमचं?"

भिंतीपलीकडे आठ पंखे चढले. सावकाश, ओळखीच्या श्वासाएवढे. त्रिशलाबाईंनी पदराचा बोळा करून फोनच्या तोंडावर घट्ट धरला, बेळगावपर्यंत काही पोचू नये म्हणून. मग त्या उठल्या आणि पाचव्या खोलीच्या दाराकडे चालू लागल्या.